नमुना क्रमांक चौदा

पारूबाई सोमवारी पहाटे वारल्या. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलंही. पण तसं काही झालेलंच नाही असं धरून इंद्रजीत मंगळवारी प्रयोगशाळेत आला, हातमोजे चढवले आणि आईला जेवू घालायला बसला.

आई तिथं बशीत होती. सहा महिन्यांपूर्वी साखरेपायी तिच्या पायाची दोन बोटं काढली, तेव्हा कातडीचा नखाएवढा तुकडा तिनं संशोधनाला दिला होता. त्यातल्या पेशी इंद्रजीतनं वाढवल्या. पेशींना धरायला जाळी लागते. जिलेटिनची जाळी त्यांना आवडते, पण ती लवकर विरघळते. कृत्रिम पॉलिमरची टिकते, पण तिच्यावर त्या नव्या सोयऱ्यासारख्या अवघडून बसतात. म्हणून त्यानं दोन्हींचे धागे एकत्र विणले.

"म्हंजी कारल्याचा मांडव," पारूबाई म्हणाल्या होत्या. "येल चढला की काड्या कुजल्या तरी चालतंय."

"व्हय. तेच."

"मंग पाच वर्षं कशाला लागत्यात रे? तुझ्या मामानं एका दुपारी घातला."

हा मांडव तिच्या पायापर्यंत पोचणार नव्हता. अजून उंदरांचाच नंबर लागायचा होता. तिला ते माहीत होतं. तरी चितेगावात सांगत सुटायची, पोरगा माझा पाय शिवतोय म्हणून. जखम काही सांधली नाही. विष अंगभर भिनलं.

इंद्रजीतनं बशीतलं पोषणाचं गुलाबी पाणी बदललं. पेशींच्या ऊबपेटीत सदतीस अंश. चितेगावच्या मे महिन्यापेक्षा गारच. मग त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जाळीच्या मधोमध त्यानं मुद्दाम जखमेसारखं एक भोक ठेवलं होतं. ते बुजलं होतं. चहूकडून पेशी आल्या होत्या आणि एकमेकींना बिलगल्या होत्या.

त्यानं बराच वेळ डोळा उचलला नाही.

"तू आज घरी हवा होतास," मागून त्याच्या गाईड, रत्नमाला मॅडम म्हणाल्या.

"घरी सगळे आहेत, मॅडम. फक्त आई इथं आहे."

मॅडम शेजारी बसल्या. "येत्या सोमवारी प्रकल्प बंद होतोय. नमुने जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातील."

"चौदा नंबर मला द्या."

मॅडमनी फाइल काढली. संमतिपत्रातला शेवटचा प्रश्न: नमुना परत हवा आहे का? पुढं वाकडीतिकडी खूण: नाही.

तो फॉर्म इंद्रजीतनंच वाचून दाखवला होता. "दिलेलं परत मागत्यात व्हय?" पारूबाई भडकल्या होत्या. "तुझ्या मॅडमला काय वाटंल?"

मॅडमना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. चष्मा पुसला. "अर्ज दे. वर पाठवते."

"मंजूर होईल?"

"नाही."

तरी त्यानं लिहिला:

मा. विभागप्रमुख यांस,

विषय: नमुना क्र. १४ यास एक दिवसाची रजा मिळणेबाबत.

महोदय, सदर नमुना कायमचा परत मागितलेला नाही. येत्या रविवारी चितेगाव येथे त्याच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असून, गावातल्या एकाही कार्यक्रमाला तो आजवर गैरहजर राहिलेला नाही. जखम पूर्ण भरली असल्यानं प्रवासास हरकत नसावी. सोमवारी सकाळी, पिवळ्या पिशवीच्या वेळेआधी, त्यास परत हजर करण्याची हमी मी देतो. अर्जदाराच्या स्वतःच्या रजा आईच्या आजारपणात संपल्या आहेत. तरी सदर रजा नमुन्याच्या नावे मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.