लाल बाटली

शिडीवाले दमतात, हे अग्निशमन केंद्रात खुद्द शिडीवाले सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ते पहिल्या गाडीवर, शिडीच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर. म्हणून तर हे नाव. पण वर्षातून एकदा परीक्षा असे. पाण्याच्या पाइपची गुंडाळी खांद्यावर घेऊन सरावाच्या इमारतीचे सहा मजले दोनदा चढायचे, तीन मिनिटांत. गेल्या वर्षी पाचव्या मजल्यावर त्यांच्या मांड्यांचे दगड झाले आणि साहेबांनी घड्याळाकडे न बघता सही केली.

"पुढच्या वर्षी मात्र मी घड्याळ बघणार," साहेब म्हणाले.

नापास माणसाची जागा ठरलेली होती : कंट्रोल रूममधली टेलिफोनसमोरची खुर्ची. तिथे नऊ वर्षं फोनमामा बसत. पत्ता लिहून घ्यायचा, घंटा दाबायची, पुन्हा बसायचं. मामा आता निवृत्तीला आले होते.

"उशी तुझ्यासाठी ठेवून जातो," ते शिडीवाल्यांना प्रेमाने म्हणत. "मधोमध खड्डा पडलाय, पण एकदा बूड रुळलं की आपलीच वाटते."

त्या उशीच्या धसक्याने शिडीवाले जावयाला शरण गेले. जावयाचं पूरक आहाराचं दुकान होतं. सासऱ्याने आपल्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा त्याने हात राखला नाही.

"बाबा, दमणं म्हणजे काय, तर स्नायूंत आम्ल साचतं. आपण ते साचूच द्यायचं नाही."

पहिल्या डब्याने दम वाढला की नाही ते कळलं नाही, पण अशा मुंग्या आल्या की शिडीवाले हजेरीच्या रांगेत उभ्या उभ्या कान चोळत होते. दुसऱ्याने पोट बिघडलं. "म्हणजे लागू पडतंय," जावई म्हणाला. तिसरा डबा बायकोने उघडला, वास घेतला, चिमूटभर चाखला.

"अहो, हे बीट आहे."

"नायट्रेट आहे ते, आई."

"असेल. तीस वर्षं मी चिरतेय, मला कुणी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पेलाभर बिटाचा रस सुरू झाला. आठव्या दिवशी परीक्षा. शिडीवाले दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत वर पोचले आणि वरून विचारलं, "अजून एकदा येऊ का?" साहेबांनी घड्याळ हलवून कानाला लावलं.

मग डॉक्टरांच्या तपासणीसाठी लघवीची बाटली, लालभडक. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"हे कधीपासून?"

उत्तर शिडीवाल्यांच्या जिभेवर होतं. पण टेबलावर त्यांच्याच सहीचा कागद होता : परीक्षेआधी ताकद वाढवणारं काहीही घेतलेलं नाही. बीट म्हणावं तर निकाल रद्द, न म्हणावं तर आजार. आजारात निदान अब्रू तरी होती.

"असतं अधूनमधून," ते म्हणाले.

'लघवीत रक्त. तपासण्या होईपर्यंत बैठं काम,' असं डॉक्टरांनी लिहिलं.

महिनाभर शिडीवाले मामांशेजारी स्टुलावर बसले. रस पहिल्याच दिवशी बंद केला. तपासण्या एकामागून एक निर्मळ आल्या. मूत्रपिंडं पंचविशीतल्या माणसाची निघाली. आता नियमानुसार, आजारातून उठलेल्या माणसाने परीक्षा पुन्हा द्यायची.

"बीट घेतलं तर पास आणि आजारी," त्यांनी मामांना सांगितलं. "नाही घेतलं तर ठणठणीत आणि नापास. कुणाला बोलू नका."

"मी कुणाला बोलतोय?" मामा म्हणाले. मामांच्या हातात नऊ वर्षं फोन होता.

दुसऱ्या तुकडीची परीक्षा होती, त्याच दिवशी शिडीवाल्यांना बोलावलं. ते नुसतं पाणी पिऊन आले. पाचव्या मजल्यावर दगड वेळेवर हजर झाले. तीन मिनिटं चार सेकंद. साहेबांनी घड्याळ बघितलं. उरलेले सात जण मात्र कुणी मागे लागल्यासारखे चढले.

डॉक्टरांच्या खिडकीत आठ बाटल्या लागल्या. सात लाल. सातही जणांनी कागदावर सही केलेली, सातही जण भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे. डॉक्टरांनी साहेबांना बोलावून घेतलं.

"सात जण बसवले तर गाडी कोण नेणार?" साहेब म्हणाले. "आणि खुर्ची एकच आहे हो."

डॉक्टरांनी विचार केला आणि सात कागदांवर लिहिलं, 'रंग नेहमीचा.' मग आठवी बाटली उजेडात धरली.

"ही एवढी फिकी का?"

सोमवारी शिडीवाले खुर्चीत बसले. जाताना मामांनी उशी धुऊन ठेवली होती. खड्डा गेला नव्हता. दुपारी फोन वाजला. त्यांनी पत्ता लिहिला आणि विचारलं, "कितवा मजला?"

"सहावा."

शिडीवाल्यांनी सहा लिहिलं, घंटा दाबली. सात जण अंगणातून धावत गेले, गाडी फाटकातून बाहेर पडली. आवाज लांब जाईपर्यंत ते उभेच होते. मग त्यांनी उशी जराशी डावीकडे सरकवली आणि बसले.