मुगिलनची टाच

त्रिचीच्या एका हॉस्पिटलात माझं काम माणसांना चालवून बघायचं. कमरेपासून पंज्यापर्यंत सांध्यांवर चकचकीत गोळ्या चिकटवायच्या आणि दहा-बारा पावलं चालायला लावायचं. कॅमेरे टिपत राहतात. पडद्यावर माणूस दिसत नाही, नुसते ठिपके चालतात.

इळमारन आला तो उजवी टाच टेकवत नव्हता. पोटरी आखडलेली, गुडघा दुखरा. वय पंचवीस. कधी पडला नव्हता, हाड मोडलं नव्हतं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, अक्का."

त्याचे ठिपके चालू लागले. हे चालणं मी पाहिलं होतं. जुनी नोंद शोधून काढली. मुगिलन, याचा थोरला भाऊ. लहानपणी कोयत्याने टाचेमागची शीर तुटली, ती आखूड जुळली. ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्याआधीच तो कावेरीत बुडाला. दोघांच्या नोंदी एकावर एक ठेवल्या. ठिपक्यांवर ठिपके बसले.

"भावासारखा का चालतोस?"

तो आखडलेली पोटरी चोळू लागला.

"काचबिंदूने आईची नजर गेलीय. भाऊ गेल्यावर ती जेवेना. एकदा माझ्या टाचेत काटा रुतला, म्हणून चवड्यावर आत आलो. ती म्हणाली, 'मुगिला, आलास? हात धू.' त्या दिवशी दोन घास जेवली. मग मी रोज तसाच येत गेलो. आता सोडायला गेलो तर सुटत नाही."

पाय टाच टेकवायचाच विसरला की शीर खरीच आखडते. आम्ही पाय प्लास्टरात ठेवला, दर आठवड्याला थोडा थोडा ताणत नेला. दीड महिन्याने शेवटच्या चाचणीला कुप्पम्माळ, त्याची आई, सोबत आली.

"पोरी, तू काय करतेयस ते मला कळतंय," ती म्हणाली.

"अम्मा, गुडघा जाईल त्याचा."

"मी कुठे नको म्हणते? मुगिलन गेला, हेही ठाऊक आहे मला. पण ते पाऊल वाजलं की हात आपोआप ताटाकडे जातो गं."

तिला बाकावर बसवलं. इळमारनच्या पोटरीवर स्नायूचा जोर टिपणाऱ्या तारा लावल्या. सात फेऱ्या झाल्या. टाच नीट टेकत होती. आठव्या फेरीला ती बाकावरून पुटपुटली, "मुगिला."

उजवी टाच वर उचलली गेली आणि तशीच राहिली.

"अक्का, मी नाही उचलली," तो हळूच म्हणाला.

मी पडद्याकडे बघितलं. टाच उचलायची तर पोटरीला जोर लावावाच लागतो. तारांची रेघ मात्र सपाट होती. तारा तपासल्या, घट्ट होत्या.

अहवालात मी सातच फेऱ्या लिहिल्या. इळमारन आता सरळ चालतो. तो घरी आला की आई "कोण?" म्हणून विचारते, तो आपलं नाव सांगतो. पण परवा फोनवर म्हणाला, "अक्का, काल मी ओसरीवरच बसलो होतो. आई आत कुणाला तरी हात धुवायला सांगत होती."