मालनबाईचा लाल तळहात

"पानी बोललं! पानी बोललं!"

मारुतीच्या पारासमोर अख्खं गाव किंचाळलं. मालनबाईच्या ओंजळीतलं भंडाऱ्याचं, म्हणजे हळदीचं, पिवळं पाणी लालभडक झालं होतं. आधीच्या साऱ्या बायकांच्या ओंजळी पिवळ्याच राहिल्या होत्या.

गोरक्षनाथ महाराज म्हणवणाऱ्या बाबानं चिमटा आपटला. "बम् बम्! घावली चेटकीन! आप्पासाहेब, हिनंच खाल्लं तुजं बैल!"

बहात्तरचा दुष्काळ. शेवगावच्या पूर्वेकडच्या आमच्या गावात फक्त विधवा मालनबाईच्या विहिरीला पाणी होतं आणि पाटलाचा, म्हणजे आप्पासाहेबाचा, त्या विहिरीवर डोळा. त्याचे बैल मेले करपलेली कोवळी ज्वारी खाऊन. मी तेव्हाच सांगितलं होतं, पण ऐकतो कोण!

पहिला दगड मालनबाईच्या कपाळावर बसला. गावातल्याच सहादेवनं तिला केस धरून ओढलं, कुणी कमरेत लाथ घातली. "ठेचा तिला!"

मी दमयंती, हायस्कुलात शास्त्र शिकवते. माझं डोकं तसंही लवकर तापतं. घुसले आणि तिच्या अंगावर आडवी पडले. माझ्याही पाठीत दगड बसले.

"बाई, हटा! तुमास्नी बी बाधा हुईल!" गर्दीतून कुणी ओरडलं.

"होऊ दे! या भोंदूनं पाण्याआधी सगळ्यांच्या हातावर भुकटीचा प्रसाद ठेवला उजव्या झोळीतला. हिच्याच हातावर डावीतला. का रे बाबा?"

"नाथाची लीला!"

"मग ती लीला माझ्या पट्टीवर दाखव."

शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक रिकामं कपाट. म्हणून मी पिशवीत मावेल अशी प्रयोगशाळा केली होती. बोटभर लांबीच्या दोन काचा, मध्ये टिपकागदाची पट्टी, वरच्या बाजूला हळदीची रेघ. खालच्या बाजूला चिमूटभर भुकटी ठेवायची आणि टोक पाण्यात बुडवायचं. पाणी वर चढतं. विरघळणारं त्याच्याबरोबर जातं, बाकीचं खालीच राहतं.

मी दोन्ही झोळ्या हिसकावल्या. बाबाचा चिमटा माझ्या खांद्यावर बसला, हात बधिर झाला. सहादेव माझाच जुना विद्यार्थी. त्यानं बाबाचं मनगट पिरगळलं. "बाईला हात लावतोस व्हय रं? बघू दे आमाला!"

उजव्या झोळीतली भुकटी लावली. रेघ पिवळीच राहिली. पट्टी बदलून डाव्या झोळीतली लावली. पाणी चढलं, पीठ खाली राहिलं आणि रेघ लाल झाली.

"ही तांदळाची पिठी. डावीकडच्या पिठीत धुण्याचा सोडा मिसळलाय. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. आप्पासाहेब, हात पुढे करा!"

त्यानं हात पाठीमागे लपवले. लोकांनीच ते ओढले. डाव्या झोळीतली भुकटी, वर भंडाऱ्याचं पाणी. पाटलाची ओंजळ लाल!

"आता बैल यांनीच खाल्ले म्हणायचं का?"

झालं! तेच दगड आता बाबाकडे वळले. एकानं त्याचं तोंड फोडलं, दात मातीत पडला.

"थांबा!" मालनबाई माझ्या आधारानं उठली. "म्या वरडत हुते, तवा कुनी काय इचारलं न्हाई. आता बी न इचारताच मारताय."

"बाबाला चौकीत न्या," मी ओरडले. "आणि पुन्हा कुणी पाणी बोलतं म्हणाला, तर हात उचलण्याआधी विचारा, पाण्यात काय टाकलंस! एवढं विचारलं असतं तर हिचं कपाळ फुटलं नसतं."

सहादेवच्या मुठीत अजून दगड होता. मालनबाईनं कपाळ पुसलं आणि रक्तानं भिजलेला तळहात त्याच्यापुढे धरला.

"ह्यो लाल खरा हाय, सहादेव. दे तो दगड."

त्यानं दिला.