व्लास्ताचा कोनाडा

आमच्याकडे घर वाढवायचे म्हणजे भिंत बांधायची नसते, कोरायची असते. आमचे वाळवंटातले गाव ओपल नावाचे रत्न खणणाऱ्यांचे. वर उन्हाने दगड तडकतो, म्हणून आम्ही सगळे टेकडीच्या पोटात राहतो. मूल झाले की खोली कोरायची. भांडी वाढली की फळी कोरायची. कुणाची सासू कायमची राहायला आली, तर तिची खोली दोन वळणे घेऊन जरा लांब कोरायची. परमेश्वराने डोंगर भरपूर दिला आहे.

या कामात माझा शेजारी व्लास्तिमिर, म्हणजे आमचा व्लास्ता, सगळ्या गावाचा गुरू. त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. त्याची बायको देवाघरी गेल्यापासून मी त्याला पाव देते आणि तो मला सल्ले देतो. पाव चांगला असतो.

हा माणूस म्हातारपणी गेम खेळायला लागला. त्याच्या मुलाने अ‍ॅडलेडहून एक दणकट कॉम्प्युटर पाठवला. आत रंगीत दिवे, पाठीशी नि डोक्यावर पंखे, आणि ग्राफिक्स कार्ड असे की लाटेवरच्या फेसाचा बुडबुडा न् बुडबुडा वेगळा दिसावा. हा सगळा थाट नातीसाठी, तियानासाठी. दर रविवारी संध्याकाळी ती तिकडून आणि हा इकडून एकाच हेलिकॉप्टरात बसत. तियाना हेलिकॉप्टर उडवायची आणि हा दोर सोडून बुडणाऱ्या माणसांना वर ओढायचा. उभा जन्म खाणीतून बादल्या ओढण्यात गेलेला, त्यामुळे हात बसलेला होता. ओढता ओढता शाळा, मैत्रिणी, आईची बोलणी, सगळे निघायचे. फोनवर हीच पोर "हो", "नाही", "बरी आहे" यापुढे जात नसे.

अशा यंत्राला टेबलावर बसवणे व्लास्ताला कमीपणाचे वाटले. देवाच्या तसबिरीच्या कोनाड्याशेजारी त्याने दुसरा कोनाडा कोरला. यंत्राच्या मापाचा, इतका नेमका की बाजूने पोस्टकार्ड सरकू नये.

"देवाच्या कोनाड्यापेक्षा हा गुळगुळीत झालाय रे," मी म्हणाले.

"देव तक्रार करत नाही, देसांका. तियाना करते."

आणि तियानाने तक्रार केलीच. खेळ सुरू झाला की थोडा वेळ सगळे लोण्यासारखे चालायचे. मग उचकी लागल्यासारखे हेलिकॉप्टर थबकू लागायचे. बुडणारा माणूस दोराला लटकून जागीच गोठायचा आणि व्लास्ताने बटण दाबल्यावर बऱ्याच वेळाने धाडकन समुद्रात पडायचा. मला भिंतीतून सगळे ऐकू येई.

"ओढ, देदा, ओढ!" आजोबांना ती देदा म्हणते.

"ओढतोय गं!"

"कुठे ओढतोयस? तू पुतळा झालायस!"

एका रविवारी तिने सांगून टाकले. पुढच्या रविवारी तिच्या शाळेतल्या मुलांची जोड्याजोड्यांनी स्पर्धा होती. तोवर देदाचे यंत्र सुधारले तर देदा, नाही तर वर्गातला कॅलम.

व्लास्ता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. पावाला हात लावला नाही, तेव्हाच मी समजले.

"कोण हा कॅलम?"

"दोर छान सोडतो म्हणे." तो टेबलावरचे पीठ बोटाने गोळा करत राहिला. "एकदा तो त्या जागेवर बसला ना, देसांका, की मग मला काय उरलं? हो, नाही, बरी आहे."

त्या आठवड्यात त्याने काय काय केले, विचारू नका. कॉम्प्युटरच्या दुकानातली मॉरीन फोनवर होती आणि हा गुडघ्यांवर. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डालाच जोडली आहे ना, ते पाहिले. कार्डाची आज्ञावली नवी घातली. चित्राचा झगमगाट इतका कमी केला की समुद्र खिमटासारखा दिसू लागला. शेवटी यंत्र टेबलावर आणून, झाकण काढून, मेमरीच्या पट्ट्या उपसून परत बसवल्या आणि तिथेच चालवून पाहिले. हरणासारखे पळाले! डॉक्टरच्या दारात पोहोचल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तसेच. कोनाड्यात परत ठेवले आणि काही वेळाने उचकी सुरू.

"गरम होतंय का, बघा बरं," मॉरीन म्हणाली.

व्लास्ता मनापासून हसला. "अहो बाई, वर पंचेचाळीस अंश असू देत. माझ्या घरात बारा महिने चोवीस. इथे लोणीसुद्धा वितळत नाही."

"मग मला काही सुचत नाही," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी माझ्या परीने मदत करायला चर्चमधल्या तीर्थाची बाटली घेऊन गेले.

"लांब हो!" तो ओरडला. "विजेचं आहे ते!"

"मग टेबलावरच राहू दे. तिथे पळत होतं ना?"

"जरा वेळ पळालं. जरा वेळ कोनाड्यातही पळतं. आणि कोनाड्याचं काय करू?"

"मोजे ठेव."

त्यावर तो दोन संध्याकाळी माझ्याशी बोलला नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी धुळीचे वादळ आले. आमचे चर्चही टेकडीच्या पोटातच आणि त्याची देखभाल व्लास्ताकडे. वादळात तो वर चढला. चर्चला हवा पुरवणाऱ्या नळ्या टेकडीवर डोके काढून असतात. आत धूळ पडू नये म्हणून त्याने त्यांच्यावर बादल्या पालथ्या घातल्या. सोसाटा सुरूच, त्यामुळे रविवारी सकाळी आम्ही दारही घट्ट लावून घेतले.

आता मला विचाराल, तर आठवडाभर मी जगते ती फादर स्पिरिदोन यांच्या गायलेल्या प्रवचनासाठी. शुभवर्तमान तर सगळेच गाऊन वाचतात. पण आमचे फादर त्यावर बोलताही गाऊनच. एक ओळ सांगायची, मग ती आळवायची, मग खर्जात उतरून असा काही प्रश्न विचारायचा की आपल्याच मनातला वाटावा. त्या दिवशी विषय होता मातीच्या माणसाचा. "देवाने माती घेतली," फादर गात होते, "हात घडवले, पाय घडवले, सुंदर मूर्ती केली. पण मूर्ती उठेना. का उठेना? का उठेना? तेव्हा देवाने तिच्या नाकपुड्यांत…"

आणि फादर थांबले. छातीवर हात ठेवून उभे. माझ्या पलीकडच्या म्हाताऱ्यांनी क्रूसाची खूण करून डोळे टिपले. त्यांना वाटले, फादरना गहिवरून आले. मलाही वाटले. पण माझेही डोके जड झाले होते, आणि समोरच्या मेणबत्त्या बघते तर एकेक ज्योत मान टाकून बसलेली.

"व्लास्ता," मी कुजबुजले, "तुझ्या बादल्या!"

तो दार उघडून पळत वर गेला. क्षणभराने छतातून ताजी झुळूक उतरली, ज्योती ताठ झाल्या, आणि फादरनी खोल दम घेऊन अर्धी ओळ पुरी केली. "…श्वास फुंकला!" अहाहा! अशी ओळ मी जन्मात ऐकली नव्हती.

व्लास्ता मात्र परत आला नाही. मी काही मधून उठणाऱ्यातली नव्हे. प्रवचन संपवून, प्रसादाचा पाव घेऊन सावकाश घरी आले, तर भिंतीत धडधड चाललेली.

"अरे, काय करतोयस?" मी दारातून विचारले.

व्लास्ता नखशिखांत पांढऱ्या धुळीने माखला होता. यंत्र टेबलावर, आणि हा कोनाड्यात कमरेपर्यंत शिरलेला, हातात ड्रिल. "देसांका, मी गाढव आहे!"

"आज कळलं?"

"आयुष्यभर खोल्या कोरल्या. पलंग आत न्यायच्या आधी हवेची वाट काढली. कोंबड्यांच्या खोलीलासुद्धा काढली! आणि हा बिचारा कॉम्प्युटर पाठीनं गरम हवा सोडतोय, ती दगडावर आपटून परत त्याच्याच नाकात. तो तापतो, म्हणून दमानं घेतो. घर थंड आहे म्हणून मी ऐटीत!"

"थोडा पुढे ओढलास तरी चालेल."

"कोनाडा आहे तो!" असे म्हणून तो परत आत घुसला. मागची भिंत पोखरून आपल्या बोळातल्या हवेच्या वाटेला भोक जोडायचे, असा त्याचा बेत होता.

मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या कुळाच्या संताचा सण, त्याचा पाव मळायचा होता. पीठ मळून कोठीत ठेवते न ठेवते तोच कोठीच्या भिंतीतून ड्रिलचे टोक बाहेर आले. मागोमाग मूठभर माती, आणि मग एक डोळा.

"हे माझ्या बोळासारखं दिसत नाही," डोळा म्हणाला.

"ही माझी कोठी आहे, गुरुजी."

बुजवायला वेळ नव्हता. तियाना यायची घटका झाली होती. त्याने कोनाडा चहूबाजूंनी चार बोटे रुंद केला, यंत्र बसवले, आणि त्या भोकातून माझ्या कोठीत गरम वारा येऊ लागला. मी पीठ त्याच्यासमोर सरकवले. देव देतो ते वाया घालवू नये.

"देदा, आज गोठलास तर बघ हं!" भोकातून तियाना स्पष्ट ऐकू आली.

मी कोठीतल्या पोत्यावर बसून जपमाळ ओढत होते. एक माणूस वर आला. दुसरा आला. उचकी लागायची वेळ झाली आणि गेली. तिसरा, चौथा, मग कुत्रा. व्लास्ता मुलासारखा ओरडत होता. आणि अगदी शेवटी, वर हेलिकॉप्टरच्या दारात आलेली एक बाई त्याच्या दोरावरून सुटून समुद्रात पडली.

"देदा!"

"यंत्र…"

"यंत्र एकदम झकास चाललंय. बाई तू टाकलीस!"

माझी जपमाळ थांबली. मग ती पोर खदखदून हसायला लागली. "आपण तिसरे आलो. कॅलमनं तर दोन माणसं आणि एक बोट बुडवली! पुढच्या रविवारी जरा लवकर ये, देदा. तुला बायका कशा धरायच्या ते शिकवते. आणि शाळेत काय झालं माहितेय?"

आणि ती सांगत सुटली.

मला राहवले नाही. भोकाला तोंड लावून मी म्हणाले, "व्लास्ता, पाव दुप्पट फुगलाय!"

"देदा," तियाना दबक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या कोनाड्यात कुणीतरी बाई आहे."

"ती देसांका. तिला आधीच वर ओढलंय. आता ऐकत बसते."