काकूंचा चष्मा

मी इंजिनिअर झाले तेव्हा आई म्हणाली, "घरातले निम्मे कप तू फोडलेस, आता लोकांचे फोड." आणि नोकरी लागली तीही नेमकी कपबशांच्या कारखान्यात! काम एकच होतं, कप खोक्यात भरायला यंत्राच्या हाताला शिकवायचं. पाच खोकी, प्रत्येकात चोवीस कप, एकाही कपाचा कान न तुटता भरली तर मी कायम. नाहीतर तीन महिन्यांनी नमस्कार.

अडीच महिने मी गणितं मांडली आणि कान तोडले. पॅकिंगमधल्या बायका मला 'कानतोडी' म्हणायला लागल्या. राग यायचा, पण बोलणार काय, कानांचा ढीग समोरच असायचा.

शेवटी अक्कल आली. त्याच पॅकिंगमध्ये एक काकू वीस वर्षं कप भरत होत्या, तेही गप्पा मारत, खोक्याकडे न बघता. आणि या यंत्राची एक सोय अशी, की त्याचा हात धरून काम करून दाखवलं तर ते तसंच्या तसं लक्षात ठेवतं.

"काकू, याला जरा शिकवता?"

"मी? अगं, मला मोबाइल धड येत नाही."

"त्यालाही येत नाही. फक्त एकदा धरला की हात सोडायचा नाही."

काकूंनी हात धरून अख्खं खोकं भरलं. मी मात्र पडद्यावरचे आकडे बघत बसले. मग खालचा थर चालवून पाहिला, बाराच्या बारा कप शाबूत! वरचा तपासायचा कंटाळा केला. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय.

चाचणीला साहेब स्वतः आले. खालचा थर झाला, हातानं त्यावर मधला पुठ्ठा ठेवला. आणि मग तो थांबला. सावकाश वर गेला, नाकाएवढ्या उंचीवर हवेतच काहीतरी वर सारलं आणि पुन्हा गुमान कामाला लागला.

"अगंबाई, माझा चष्मा!" काकू ओरडल्या.

हात सोडायचा नाही, असं मीच बजावलं होतं ना. काकूंनी यंत्राचा हात धरूनच मनगटानं चष्मा वर केला होता. अख्खं पॅकिंग खो खो हसत सुटलं. मला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

साहेब हसले नाहीत. "चार सेकंद फुकट. काढून टाका."

मी तिथल्या तिथे काढलं. पुढच्या खोक्यात वरच्या थराचा पहिलाच कप आडवा झाला. कान तुटला.

"तुटणारच," काकू म्हणाल्या. "पुठ्ठा ठेवला की आधी फुगून वर येतो. तो बसेपर्यंत थांबावं लागतं. मी काय उगाच चष्मा सारते?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे, पुन्हा पहिल्यापासून."

मी यंत्रात चष्मा परत घातला. पाच खोकी झाली, पाच वेळा चष्मा सारला गेला आणि एकशेवीसच्या एकशेवीस कान जागेवर राहिले. मला नाचावंसं वाटत होतं.

"म्हणजे शिकवलं यांनी," साहेब म्हणाले. "मग तुम्हाला कायम कशासाठी करायचं?"

बोलणं खरं होतं. तेवढ्यात काकू पुढे झाल्या.

"साहेब, वीस वर्षांत किती इंजिनिअर आले, घड्याळ घेऊन माझ्यामागे उभे राहिले. पण 'शिकवता का?' असं विचारलं ते या कानतोडीनंच."

साहेबांचा हात नकळत स्वतःच्या चष्म्याकडे गेला, आणि यावेळी सगळ्यांच्या आधी तेच हसले.

सोमवारी मला कायम केल्याचं पत्र आलं. काकूंकडे आता दुसरं यंत्रही शिकायला दिलंय. पुढे माझ्या लक्षात आलं, की हात नुसता चार सेकंद थांबवला तरी भागतं, नाकापर्यंत न्यायची काही गरज नाही. मी ते बदललेलं नाही. काकू शेजारच्या टेबलावर असतात, आणि यंत्र चष्मा सारायला लागलं की त्या न बघताच म्हणतात, "झालं ना? चल, आता काम कर."