टॉर्चमधल्या गोळ्या

खाटेखाली पडलेली सुई शोधायला आक्काने धाकट्या भावाचा टॉर्च उचलला, तर तो पेटेना. झाकण फिरवलं, आणि सेलऐवजी हातात पडल्या चार गोळ्या.

भाऊ कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदार. रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा नवं रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी आक्काच्याच अंगातून काढून त्याला दिल्या. त्या गोष्टीला आता सत्तर दिवस झाले होते.

"या कसल्या रे?"

"त्या... झोपलेल्या विषाणूच्या."

आक्का मटकन खाटेवर बसली. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं: हा विषाणू लहानपणीच अंगात शिरतो आणि जन्मभर घोरत पडतो. पण अंगातली ताकद संपली की उठतो आणि फुप्फुसं, डोळे, जे मिळेल ते धरतो. म्हणून निदान शंभर दिवस, रोज एक गोळी. आक्का पाण्याकडे वळली की हा ती गालात दाबत होता तर!

"अगं, दर आठवड्याला रिपोर्ट कोरा येतोय, विषाणूचा पत्ताच नाही. चोरच नाही, तर पहारा कशाला? गोळ्या गिळून गिळून जीव विटला."

एरवी आक्काने एखादी थाप ठोकली असती.  आज मात्र ती हळूच म्हणाली, "तुझा साहेब म्हणाला होता ना, अकरा वर्षांत चोरी नाही, रखवालदार कशाला हवा? तू काय म्हणालास?"

त्याने मान खाजवली. "साहेब, मी आहे म्हणून चोरी नाही."

"मग?"



आक्काने दवाखान्यात फोन लावला, तर नर्सने सांगितलं, आजची गोळी आत्ता द्या, राहिलेल्या एकदम देऊ नका, उद्या तपासणीसाठी रक्त द्यायला या.

रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. तो भिंतीकडे तोंड करून पडला, तशी आक्काने थापांचा पेटारा उघडला. "लहानपणी तू असं भोकाड पसरायचास, गल्लीतली कुत्री बिऱ्हाड हलवून गेली! आणि भितोस कशाला? विषाणू माझ्याकडून आला असेल तर आळशीच असणार. मी झोपले होते तेव्हा भूकंप आला, दारातूनच म्हणाला, असू दे, मागाहून येतो."

"थापाडी," तो भिंतीला म्हणाला. पण खांदे हलत होते.

तिसऱ्या दिवशी फोन आला. रिपोर्ट कोरा. आक्का "बरं बरं" म्हणाली, मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली ती टॉर्चमध्ये सेल घालतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याने आपणहून हात पुढे केला आणि गोळी गिळली.

"आ कर."

"आक्का, लाज वाटते गं."

"अकरा वर्षं फाटकावर लोकांचे डबे उघडून बघितलेस, तेव्हा नाही वाटली? आ कर, मेल्या!"

तिने टॉर्च लावून गालाचे दोन्ही कोपरे तपासले, आणि मगच त्याच्या डोक्यावर नुकत्याच फुटलेल्या केसांवरून हात फिरवला.