चढावर उकळणारी गाडी

मनोंग पोलिकार्पोंची गाडी चौथ्यांदा उकळली तेव्हा मी गॅरेजच्या ओट्यावर बसून जेवत होतो. फोनवर तेच रडगाणं. "गानी, तिसऱ्या वळणावर अडकलोय. वाफ निघतेय बघ." मी हातातला सुका मासा ताटात टाकला आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली. मनोंग म्हणजे थोरला दादा, शिवी त्यांना नव्हती, गाडीला होती.

महिनाभर ती गाडी माझा जीव खात होती. खाली गावात हिंडताना गरीब गायीसारखी चालायची. बागियोचा चढ लागला की उकळायची. आणि चढ चुकवता येत नव्हता, कारण त्यांच्या बायकोचं, मनांग सेबियांचं, रक्त शुद्ध करायचं यंत्र वरच्या शहरात होतं. आठवड्यातून दोनदा नवरा त्यांना मागच्या सीटवर उशा लावून निजवायचा आणि वर न्यायचा. बसमध्ये त्यांना बसवत नव्हतं. गाडी अडली की उपचार चुकायचा, पाय सुजायचे, धाप लागायची. त्या पायांकडे बघितलं की मला माझ्या धंद्याची लाज वाटायची.

करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. रेडिएटर उतरवून धुतला. पंप बदलला, पट्टा बदलला. थर्मोस्टॅट काढून घरच्या भाताच्या पातेल्यात उकळून पाहिला, नीट उघडत होता. त्यावरून बायकोनं दोन दिवस अबोला धरला. तेलात पाणी नव्हतं, पाण्यात तेल नव्हतं. शेवटी गाडी ठेवून घेतली आणि एकटाच घाट चढून आलो. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. साप साप म्हणून भुई धोपटत होतो, दुसरं काय!

मोटरसायकलवरून तिसरं वळण गाठलं. गाडी कडेला उभी, खाली पाण्याचं थारोळं, मागच्या सीटवर मनांग डोळे मिटून पडलेल्या. मनोंग दगडावर बसले होते. जन्मभर जीपनी, म्हणजे भाड्याची प्रवासी जीप, चालवलेला माणूस, पण त्या दिवशी नुसता रिकामा सदरा दगडावर ठेवल्यासारखा दिसत होता.

"आलास? बघ बाबा, तुझ्या या इंजिनाला काय हवंय ते विचार," ते म्हणाले आणि कॅन घेऊन झऱ्यावर पाणी आणायला गेले.

इंजिन निवेपर्यंत थांबलो. मग फडकं टाकून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला आणि तिथंच थबकलो. या झाकणाला दोन खाचा असतात. पहिलीत अडकलं की बसल्यासारखं दिसतं, पण दाब धरत नाही. चढावर पाणी उकळून बाहेर जातं. पुरतं बसायला दाबून दुसरीत फिरवावं लागतं. हे पहिलीतच होतं. आधीच्या तिन्ही वेळी मी पोचेपर्यंत मनोंगनी झाकण उघडून पाणी भरलेलं असायचं.

आमच्याकडे पहाटे पाणी बघितल्याशिवाय कुणी गाडी सुरू करत नाही. मनोंगच्या जीपनीत भाडं गोळा करायला मनांगच बसायच्या, आणि पाणीही त्याच बघायच्या. आता घरातलं सगळं काम त्यांच्या हातून सुटलं होतं, तेवढं एक उरलं होतं. त्यांनी लावलेलं झाकण मनोंग कधी तपासत नसत. बायकोच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा नेम.

मी खिडकीशी गेलो. "मनांग, झाकण सैल राहिलं होतं. हातात जोर राहिला नाही का?"

त्यांनी डोळे उघडले. "जोर आहे रे. तेवढा आहे."

मला पटकन कळलं नाही. मग कळलं, झाकण त्या मुद्दाम सैल सोडत होत्या.

"दमलेय मी, गानी," त्या म्हणाल्या. "तिथून आलं की दोन दिवस उठवत नाही. उठवतं तेव्हा परत जायचं. पण याला कसं सांगू? नको म्हटलं तर म्हणेल, मला सोडून निघालीस. गाडीच अडली तर दोष कुणाचाच नाही. त्याला सांगू नकोस, आडिंग. धाकटा भाऊच ना तू."

माझं म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय असं झालं. झऱ्याच्या वाटेवर मनोंग भेटले. मी त्यांच्या हातातला कॅन घेतला.

"झाकण ना?" तेच म्हणाले.

मी कॅन या हातातून त्या हातात घेतला.

"तीस वर्षांत एकदाही चुकली नाही ती. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी गुपचूप घट्ट केलं. दुसऱ्यांदाही केलं. पोचलो." ते थांबले. "मग नाही केलं."

"मग माझ्याकडे कशाला आणत होता गाडी?"

"कुणीतरी म्हणायला हवं ना, गाडी कामातून गेली म्हणून. तू म्हणालास तर ती मानेल. मीही मानेन."

मला राग आला, खरंच आला. महिनाभर मी इंजिन सोलत होतो, आणि ही दोघं एकमेकांपासून लपायला माझा आडोसा करत होती. मी तरातरा खिडकीशी गेलो, मागून मनोंगही आले. मी म्हणालो, "गाडीला काहीही झालेलं नाही. मनांग झाकण सैल सोडतात आणि मनोंगना ते ठाऊक आहे. मी मेकॅनिक आहे, पाद्री नाही. आता तुमचं तुम्ही बोला."

बोलून गेलो आणि जीभ चावली. बॉनेटआड तोंड लपवून पाणी ओतत राहिलो.

कॅन रिकामा झाला. मग मनांगचा आवाज आला. "ठाऊक होतं तुला? मेल्या, मग सांगितलं का नाहीस?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"दमलास ना तूही?"

"हो."

त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. मी मान वर केली नाही.

"आज वर चल," शेवटी त्या म्हणाल्या. "आजचं करून घेते आणि डॉक्टरीणबाईंना मीच सांगते, आता पुरे. असं रस्त्याच्या कडेला लपूनछपून नको. आणि गानी, झाकण तू लाव."

मी झाकण दाबलं आणि दुसऱ्या खाचेत फिरवलं. इतकं जड झाकण मी कधी लावलं नव्हतं.

गाडी निघाली. दुरुस्त केलेली गाडी चढावर निघाली की मी इंजिनचा आवाज ऐकत उभा राहतो, सवयच आहे. त्या दिवशीही राहिलो. आवाज स्वच्छ होता. आयुष्यात पहिल्यांदाच मनात आलं, हिनं पुढच्या वळणावर उकळावं, म्हणजे ते 'आता पुरे' आज तरी सांगायचं राहील. वाफ कुठं दिसते का, म्हणून मी वर बघत राहिलो. गाडी वळली, पुन्हा दिसली, आणि तशीच चढत गेली.